वाघजाळीचा सेट

१

आबाराव सापडले तेव्हा वॉकी-टॉकी त्यांच्या हातातच होता आणि बोलायच्या बटणावरचा त्यांचा अंगठा दोघांनी मिळून सोडवावा लागला.

ईट गावाच्या वरच्या अंगाला पवनचक्क्यांचा माळ आहे. त्या माळाच्या पार टोकाला, वाघजाळी नावाच्या खिंडीवर, एक चक्की एकटीच उभी आहे. तिथं मोबाईलला रेंज नाही. पहारेकऱ्याजवळ कंपनीचा सेट असतो, तेवढाच काय तो माणसांशी धागा. तांब्याची केबल कापायला चोर आले, आबाराव आडवे गेले, चोरांनी पहारीनं त्यांचा पाय फोडला आणि केबल घेऊन निघून गेले. सकाळी शेळ्या घेऊन वर आलेल्या एका बाईला आबाराव दिसले. बार्शीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर पाय वाचला असता. गुडघ्याखालून काढावा लागला.

शुद्धीवर आल्यावर आबारावांनी एकच गोष्ट सांगितली. "म्या रातभर बोलावत हुतो."

माळावरच्या दुसऱ्या एकाही पहारेकऱ्यानं त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

सेट पाहिला तर तो जुन्या चॅनलवर होता. शेजारच्या साइटचं बोलणं मधे मिसळतं म्हणून कंपनीनं आदल्या दिवशीच सगळ्या सेटांचं चॅनल बदललं होतं. लॅपटॉपला केबलनं एकेक सेट जोडायचा आणि त्यात नवी फ्रिक्वेन्सी लिहायची, असं ते काम. बाकी सगळे सेट नव्या चॅनलवर आणि आबारावांचा एकटा जुन्यावर. ते रात्रभर बोलले असतील, तर रिकाम्या आभाळाशी बोलले.

आता हा एक सेट चुकून मागं राहिला, की कुणी मुद्दाम मागं नेला? त्या सेटाला आकड्यांची बटणं होती. ज्याला येतं त्याला हातानंही चॅनल फिरवता आलं असतं. हे शोधायला कंपनीनं चंद्रप्रभाबाईंना बोलावलं.

चंद्रप्रभाबाई पोलिसांच्या बिनतारी विभागातून फौजदार म्हणून निवृत्त झालेल्या. राहायला तुळजापूरला. पूर, दंगली, निवडणुका, सगळं त्यांनी हेडफोन लावून ऐकलेलं. प्रशिक्षणाला आलेली पोरं त्यांना टरकून असायची. सेट कुठं बिघडलाय ते बाई नुसत्या खरखरीवरून सांगतात, असं त्यांच्याबद्दल बोललं जायचं, आणि ते बोललेलं त्यांना आवडायचं.

त्या माळावरच्या कंट्रोल रूममध्ये आल्या तेव्हा तिथं तिघं होती. साइट इंजिनिअर अनिरुद्ध, बारीक अंगाचा, अदबीनं बोलणारा. पहाऱ्याचा सुपरवायझर उमाशंकर, दारात हात मागं बांधून उभा. आणि टेबलावरचा मोठा सेट सांभाळणारी मैथिली, जिनं पूर्ण वेळ मान वर केली नाही.

"सगळे सेट कुणी लिहिले?" बाईंनी विचारलं.

"मीच, मॅडम," अनिरुद्ध म्हणाला. "ते सॉफ्टवेअर दुसऱ्या कुणाला हाताळायची परवानगी नाही."

"वाघजाळीचा सेटसुद्धा?"

"सगळे. सगळे नीट लिहिले गेले."

"केबल दाखवा. त्याच सेटाला लावून चालवून दाखवा."

अनिरुद्धनं केबल काढली, सेटाला लावली. पहिल्यांदा सॉफ्टवेअरनं चूक दाखवली, पोर्ट सापडत नाही म्हणून. त्याच्या कपाळावर घाम होता. "एक मिनिट, मॅडम," म्हणत त्यानं तीन नंबरचं पोर्ट बदलून सात केलं. मग पडद्यावर हिरवी पट्टी सरसर पुढं गेली. लिहिणं पूर्ण. सेट नव्या चॅनलवर आला आणि टेबलावरच्या मोठ्या सेटातून त्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

बाईंनी मान डोलावली. केबल चांगली, सेट चांगला. म्हणजे चॅनल बदललं त्या दिवशीही लिहिणं झालंच असणार. लिहून झालेला सेट आपोआप जुन्या चॅनलवर जात नाही. तो हातानं फिरवावा लागतो. आणि लिहून झाल्यापासून तो सेट एकाच माणसाच्या हातात होता.

त्यांनी तसा अहवाल दिला. केबल चांगली आहे, चॅनल हातानं बदललेलं दिसतं, एवढंच लिहिलं. का बदललं असेल, ते त्यांनी लिहिलं नाही. ते पोलिसांनी जोडलं: दुसऱ्यांना ऐकू न जाता चोरांशी बोलता यावं म्हणून.

आठवड्याच्या आत आबारावांचं नाव संशयितांत गेलं. ते अजून दवाखान्याच्या खाटेवरच होते.

२

तुळजापूरच्या घरी दारात एसटीची वाहक उभी होती. खाकी गणवेश, खांद्याला तिकिटाच्या मशीनची पिशवी.

"मी प्रीती. आबारावांची मुलगी. भूम डेपोला आहे. गाडी इथं थांबलीय, तेवढ्यात आले."

बाईंनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"अहवाल तुमी लिहिला ना?"

"हो. जे दिसलं ते लिहिलं. त्यात तुझ्या वडिलांचं नाव नाही."

"नाव न्हाय, पण दुसरं कुणी उरतं का त्यात?"

बाईंनी पुन्हा खुर्चीकडं हात केला.

"मॅडम, तुमी बार्शीला गेलता का? माझ्या वडलांना काय विचारलं का?"

"माझं काम सेट तपासायचं होतं."

"म्हंजी सेटाला विचारलं, माणसाला न्हाय." प्रीतीचा आवाज चढला नाही. प्रवाशाला सुट्टे पैसे मागावेत तशी ती बोलत होती. "दवाखान्यात पोलीस येऊन बसतो, मॅडम. शेजारच्या खाटेवरची माणसं बघत असतात. माझी आई पाणी भरायला खाली जात न्हाय, लोक विचारतात म्हणून. मला फक्त एवढं सांगा, तुमाला कळलं कसं? हातानंच बदललंय हे कशावरून?"

हे समजावून सांगणं बाईंना सोपं होतं. वर्गात त्यांनी हे कितीदा सांगितलं होतं.

"हे बघ. केबलनं लिहिलं की सेटाच्या सगळ्या स्मृतीत बदल होतो. हातानं बदललं तर फक्त समोर दिसणारं चॅनल बदलतं, आत नवंच राहतं. म्हणून कुठलाही संशयित सेट आला की आधी आत काय आहे ते वाचून घ्यायचं. वाचल्याशिवाय लिहायचं नाही. कारण लिहिलं की आतलं..."

त्या मधेच थांबल्या.

"आतलं काय, मॅडम?"

"आतलं पुसलं जातं," बाई म्हणाल्या.

प्रीतीला ते कळलं नसावं. खाली गाडीचा हॉर्न वाजला, ती वळून जिना उतरून गेली. चंद्रप्रभाबाई दार लोटायचं विसरून तिथंच उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांपुढं, त्यांच्याच सांगण्यावरून, अनिरुद्धनं सेट वाचला नव्हता. लिहिला होता. आबारावांच्या बाजूनं बोलू शकणारी एकच गोष्ट त्या सेटाच्या आत होती, आणि हिरवी पट्टी पुढं जाताना बाईंनी समाधानानं मान डोलावली होती.

३

नवशिक्या पोरानं ही चूक केली असती तर बाईंनी त्याला वर्गातून उठवलं असतं. आता उठवायला कुणी नव्हतं. त्यांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. लाज वाटते तेव्हा माणूस एक तर दडून बसतो किंवा कामाला लागतो. बाई कामाला लागल्या, पण कुणाशी बोलताना त्यांची नजर आपसूक खाली जात होती, हे त्यांच्या लक्षात येत होतं.

सेट तर पुसला गेला. मग उरलं काय? उरली केबल.

आणि तो पोर्टचा नंबर. तीनचा सात झाला होता. त्या वेळी बाईंनी तिकडं लक्ष दिलं नव्हतं. एखादी केबल लॅपटॉपला पहिल्यांदा लावली की लॅपटॉप तिला एक नंबर देतो. तीच केबल त्याच जागी पुन्हा लावली की तोच नंबर येतो. सॉफ्टवेअरच्या डोक्यात तीन होता, म्हणजे सगळे सेट तीन नंबरवर लिहिले गेले. बाईंच्या समोर आलेल्या केबलला सात मिळाला. ती दुसऱ्या सॉकेटला लावली असेल, हेही शक्य होतं. पण ती केबलच दुसरी असेल तर?

दुसऱ्या दिवशी त्या धाराशिवला गेल्या. बाजारात वॉकी-टॉकीचं सामान मिळेल असं एकच दुकान त्यांना माहीत होतं, शिवलिंगप्पांचं. शिवलिंगप्पा नोकरीतल्या दिवसांपासून ओळखीचे.

"पवनचक्कीवाल्यांच्या सेटाला चालंल अशी केबल आहे का?"

"दोन आहेत, बाई. ही स्वस्तातली, जाड तोंडाची. आणि ही बारीक तोंडाची." त्यांनी दोन्ही काउंटरवर ठेवल्या. दोन्हींच्या टोकाला शेजारी शेजारी दोन पिना. स्वस्त केबलीच्या पिनांभोवती काळ्या प्लास्टिकची जाड गादी होती. "पवनचक्कीवाल्यांनी आधी हीच स्वस्त नेलती. मग परवा त्यांचा तो बारीक इंजिनिअर घाईघाईनं आला आणि म्हणाला, बारीक तोंडाची द्या."

"परवा म्हणजे कधी?"

शिवलिंगप्पांनी डोकं खाजवलं. "त्या पहारेकऱ्याला मारलं, त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी. मी विचारलंसुद्धा, काय झालं हो त्या माणसाचं म्हणून. तो काही बोलला नाही. पावतीसुद्धा न घेता गेला."

बाईंनी जाड तोंडाची एक केबल विकत घेतली.

म्हणजे त्यांना जी केबल दाखवली गेली, ती सेट लिहिले त्या दिवशी माळावर नव्हतीच. मग ज्या केबलीनं सेट लिहिले, तिच्यात लपवण्यासारखं काय होतं?

४

मैथिली जेवणाच्या सुट्टीत कंट्रोल रूमच्या मागं लिंबाखाली डबा उघडून बसली होती. बाई शेजारी जाऊन बसल्या. मैथिलीनं डबा पुढं केला. बाईंनी चटणीला बोट लावलं.

"तुला काही विचारायचंय. सेट बदलले त्या दिवशी तुझ्या मोठ्या सेटावर काही झालं होतं?"

मैथिलीचा हात थांबला.

"तुझा मोठा सेट कधी बदलला?"

"सगळ्यांत शेवटी, मॅडम. संध्याकाळी. त्याची केबल वेगळी असते. तोवर तो जुन्याच चॅनलवर होता."

"मग दुपारी त्यावर काय ऐकलंस?"

मैथिलीनं झाकण लावून डबा बंद केला. "घरघर आली. बोलणं नाही, नुसती घरघर. कुणीतरी बटण दाबून धरल्यासारखी. थांबेचना. मी अनिरुद्ध सरांना फोन केला."

"फोन? ते इथंच सेट लिहीत होते ना?"

आता मैथिलीनं पहिल्यांदा त्यांच्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते. "नव्हते, मॅडम. एक चक्की बंद पडली म्हणून ते अर्ध्यातूनच माळावर गेले होते. म्हणाले, उरलेले सेट उमाशंकर करतायत, त्यांना विचार. मी स्टोअरमध्ये गेले तर उमाशंकर लॅपटॉपपुढं बसले होते. सेटाला केबल लावलेली, सेटाचा लाल दिवा पेटलेला. त्यांनी केबल ओढून काढली आणि तिकडं घरघर बंद झाली."

"त्या वेळी ते काय म्हणाले?"

"म्हणाले, झालंय, जा."

"हे पोलिसांना का सांगितलं नाहीस?"

"तुमचा अहवाल आला, मॅडम." मैथिली हळू म्हणाली. "त्यात केबल चांगली आहे असं होतं. मला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसानं तपासलंय, मग आपण ऐकलं त्याला काही अर्थ नसेल. आणि खरं सांगू का, मला बरं वाटलं. बोलायची गरज उरली नाही म्हणून."

चंद्रप्रभाबाई लिंबाच्या मुळाकडं बघत राहिल्या. आपला अहवाल फक्त खोटा ठरला नव्हता. त्यानं खरं बोलू शकणाऱ्यांची तोंडंही बंद केली होती.

तरी एक गोष्ट जुळत नव्हती. संध्याकाळी पहारा सुरू होताना सेटावरून प्रत्येक पहारेकऱ्याची हाक, म्हणजे हजेरी, घेतात. वाघजाळीचा सेट मुका होता, तर हाकेला उत्तर आलं नसणार. मग ते कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?

५

वाघजाळीच्या अलीकडच्या चक्कीवर राजपालचा पहारा असे. बाई चढ चढून वर गेल्या तेव्हा तो दुपारचा सावलीला बसला होता. त्या दिसताच उठून उभा राहिला. त्यानं पाणी दिलं आणि आपण होऊनच म्हणाला, "तुमी येनार हे म्हाईत हुतं मला. वाटच बगत हुतो, आन् येऊ नये असं बी वाटत हुतं."

"त्या संध्याकाळी हाक कुणी घेतली?"

"उमाशंकर साहेबानं."

"वाघजाळीची?"

राजपाल खिंडीकडं बघत बोलला. "वाघजाळी म्हनून दोनदा हाक मारली. उत्तर न्हाय. मग साहेबच बोलले, वाघजाळी ओके. आन् फुडची हाक घेतली."

"उत्तर आलं नसताना?"

"व्हय. म्या म्हनलं, खिंडीतनं आवाज मला ऐकू येत नसंल, पन खाली साहेबाला गेला आसंल. तसं मनाला समजावलं." तो थांबला. "पन तसं नसतंय, मॅडम. म्या तर त्यांच्या लई जवळ. मला न्हाय आला, तर खाली कसा जाईल. हे मला तवाच कळत हुतं. चालत गेलो असतो तर अर्ध्या तासात पोचलो असतो."

"का गेला नाहीस?"

"पहारा सोडला म्हनून साहेब बोलत्यात." त्यानं पाण्याची बाटली बंद केली. "आबाराव माझ्या आईच्या गावचे. मामा म्हनतो म्या त्यांला. बार्शीला भेटाया गेलो तर त्यांनी तोंड भितीकडं केलं. म्या बी काय बोललो न्हाय. तसाच आलो परत."

उतरताना बाईंना सगळं सरळ दिसत होतं. फक्त एक दाखवून द्यायचं उरलं होतं. स्टोअरमध्ये घरघरणारा तो सेट वाघजाळीचाच होता, हे कशावरून? उमाशंकर म्हणू शकला असता, तो दुसरा कुठला तरी सेट होता.

६

दुसऱ्या दिवशी कंट्रोल रूममध्ये सगळे सेट टेबलावर मांडले होते. बाईंनी ईटच्या पोलीस चौकीतल्या हवालदारांना आणि प्रीतीलाही बोलावलं होतं, आणि मैथिलीनं व राजपालनं सांगितलेलं त्यांच्या कानावर घातलं होतं. प्रीती भिंतीला टेकून उभी राहिली. अनिरुद्ध आणि उमाशंकर समोरासमोर बसले होते, पण एकमेकांकडं बघत नव्हते.

"अनिरुद्ध, मला दाखवलेली केबल आणि सेट लिहिलेली केबल एकच होती का?"

"हो, मॅडम."

"मग पोर्ट बदलायला का लागलं?"

"दुसऱ्या सॉकेटला लावली असेल."

"शिवलिंगप्पांच्या दुकानातून बारीक तोंडाची केबल कधी आणलीत?"

अनिरुद्धनं खुर्ची मागं सरकवली. त्याचे कान लाल झाले.

बाईंनी पिशवीतून जाड तोंडाची केबल काढली. "ही तुमच्या पहिल्या केबलीची जुळी. सगळे सेट चालू आहेत. मैथिली, तुझा मोठा सेट या सेटांच्याच चॅनलवर आहे ना?"

"हो, मॅडम."

बाईंनी एक सेट उचलला, केबल लावली. पिना खट्‌कन आत बसल्या. काढून दुसऱ्याला लावली. बसली. तिसऱ्याला, चौथ्याला, सगळ्यांना बसली. शेवटी त्यांनी वाघजाळीचा सेट घेतला. तो बाकीच्यांपेक्षा जुना, कडा जाड, आणि पिनांची भोकं कडेच्या आत खोल.

केबल त्याला लावली. प्लास्टिकची गादी कडेला अडली. पिना अर्ध्याच आत गेल्या. वरून पाहणाऱ्याला वाटावं, बसली. पण सेटाचा लाल दिवा पेटला आणि टेबलावरच्या मोठ्या सेटातून घरघर सुरू झाली.

मैथिलीनं तोंडावर हात घेतला. "हाच. हाच आवाज होता."

बाईंनी लॅपटॉपवर लिहायचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, सेट उत्तर देत नाही. त्यांनी केबल ओढली. घरघर थांबली.

"पिना अर्ध्या बसल्या की सेटाला वाटतं, कुणी बोलायचं बटण दाबलंय," बाई हवालदारांना म्हणाल्या. "तो बोलत सुटतो आणि ऐकत काहीच नाही. मग लिहिणं होत नाही. इथल्या सेटांत हे एकाच सेटाला होतं. म्हणजे त्या दुपारी मैथिलीनं ऐकली ती घरघर याच सेटाची. तो त्या वेळी जुन्या चॅनलवर होता, आणि नंतर त्यात काही लिहिलं गेलं नाही, कारण लिहिणं या केबलीनं शक्यच नव्हतं."

त्यांनी ब्लेड मागितलं. गादीचं प्लास्टिक कडेनं थोडं थोडं तासलं आणि केबल पुन्हा लावली. आता पिना पूर्ण आत गेल्या. हिरवी पट्टी पुढं सरकली.

"एवढंच करायला लागलं असतं," बाई म्हणाल्या. "आबारावांनी चॅनल बदललं नाही. ते कुणी बदललंच नव्हतं."

बाईंनी ब्लेड खाली ठेवलं. मग अनिरुद्धच बोलायला लागला, मान खाली घालून. "सकाळी त्यांचा सेट आणला तेव्हा मी वाचायला लावला. तेव्हा केबल बसेना. तेव्हाच कळलं, उमाशंकरनं तो लिहिलाच नव्हता. लॅपटॉप दुसऱ्याच्या हातात दिला हे वर कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. म्हणून नवी केबल आणली. मॅडम म्हणाल्या चालवून दाखवा, तर मी लिहायचंच बटण दाबलं. त्या अडवतील असं वाटलं होतं मला."

"मी अडवायला हवं होतं," बाई म्हणाल्या. प्रीती त्यांच्याकडं बघत होती, आणि हे वाक्य तिच्याकडं बघूनच बोलायचं, असं बाईंनी येतानाच ठरवलं होतं. ते जमलं. "वाचल्याशिवाय लिहायचं नसतं, हे मला माहीत होतं. तुझ्या वडिलांचा पुरावा माझ्या डोळ्यांपुढं पुसला गेला आणि मी मान डोलावली. चूक या दोघांची आहेच. पण तुझ्या वडिलांच्या अंगाला चोरीचा डाग माझ्या सहीनं लागला."

प्रीती भिंतीपासून पुढं सरकली. ती उमाशंकरपुढं जाऊन उभी राहिली. "आन् तुमी? हाकेला उत्तर आलं न्हाय, तरी ओके म्हनलात."

उमाशंकर टेबलावरच्या सेटांकडं बघत राहिला. मग तुटक तुटक बोलला. "साहेबाला मी म्हणालो होतो, मला जमतंय, तुम्ही जा. मग जमलं नाही असं सांगायची लाज वाटली. म्हटलं, उद्या बघू. एक रात्र काय होतंय."

"आन् तोच सेट माझ्याच बापाला का दिला?"

"आबाराव..." उमाशंकरला पुढचं म्हणवत नव्हतं. "आबाराव तक्रार करणारा माणूस नाही."

हवालदारांनी वही मिटली. प्रीती बाहेर गेली.

७

आबारावांचं नाव संशयितांतून निघालं. दवाखान्यातून त्यांना ईटला घरी आणल्यावर चंद्रप्रभाबाई भेटायला गेल्या. त्यांना दोनदा जायचं टाळावंसं वाटलं होतं. एकदा तर त्या बसस्थानकातून परत आल्या होत्या.

सुमनबाई, आबारावांची बायको, दारात पीठ मळत होत्या. त्यांनी या म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. प्रीतीनं आतून खुर्ची आणून ठेवली.

आबाराव बाजेवर बसले होते. बाईंनी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. केबलीची गादी, अर्ध्या पिना, घरघर, पुसलेला पुरावा. आपलं चुकलं हेही सांगितलं. आबारावांचं तिकडं फारसं लक्ष नव्हतं. ते दुसऱ्याच कशात तरी अडकले होते.

"म्हंजी," ते सावकाश म्हणाले, "कुनालाच ऐकू गेलं न्हाय?"

"नाही. एकालाही नाही."

"राजपालला बी न्हाय?"

"त्यालाही नाही."

आबारावांनी तोंडावरून हात फिरवला. "मला वाटलं, ऐकत्यात. ऐकत्यात, पन येईनात. रातभर त्योच इचार. आपन असं काय केलंय लोकाचं, की यवढं बोलावून बी कुनी उठंना. राजपाल दवाखान्यात आला तर त्येच्याकडं बगवंना मला. राग न्हवता. लाज वाटत हुती. आपलीच."

सुमनबाईंचे पिठातले हात थांबले होते. हे त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

इथंच थांबलं तर या माणसाला थोडं बरं वाटेल, हे बाईंना दिसत होतं. पण अर्धं सांगून उठण्याची त्यांना आता भीती वाटत होती. "एका माणसाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज येणार नाही हे उमाशंकरला संध्याकाळीच माहीत होतं. हाकेला उत्तर आलं नाही, तरी त्यानं वाघजाळी ओके म्हटलं."

आबारावांनी मांडीवरचं पांघरूण सारखं केलं. "काका म्हनायचा मला," एवढंच म्हणाले.

थोड्या वेळानं बाईंनी विषय काढला. "अनिरुद्ध आणि उमाशंकरवर भूमच्या कोर्टात केस उभी राहील. माझी साक्ष होईल. पहिला अहवाल कसा चुकला, ते मला तिथं सांगावं लागेल. वकील खोदून खोदून विचारतील."

"समद्यांम्होरं?"

"हो."

"तुमचीच चूक, तुमच्याच तोंडानं?"

"हो."

आबारावांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती आणि बाईंनी ती शोधलीही नाही.

"तारीख लागली की कळवा," ते म्हणाले. "म्या येनार ऐकाया."

"तितं लई पायऱ्या हायत," सुमनबाई पहिल्यांदाच बोलल्या.

"आसू दे. चढंन की," आबाराव म्हणाले, आणि कुबड्या कुठं ठेवल्यात ते प्रीतीला विचारू लागले.